सामाईक कप्पा

रणजीत मगदूमला वाया गेलेली जागा बघवत नसे. ही त्याची खोड म्हणा, नाहीतर पोटापाण्याचा धंदा म्हणा. गडहिंग्लजमध्ये स्वयंपाकघरं, कपाटं आणि माळे करून देणाऱ्या ‘मगदूम बंधूं’मधला तो धाकटा बंधू. कुणाकडे जेवायला गेला तरी त्याची नजर ताटाआधी फ्रिजच्या वरच्या रिकाम्या फटीकडे जायची. जिन्याखाली नुसत्या चपला पडलेल्या दिसल्या तर त्याला घास गोड लागत नसे. त्यामुळे एप्रिलमध्ये पतपेढीच्या लॉटमधला नवा लॅपटॉप घरी आला आणि त्याने तो उघडून पाहिला, तेव्हा जे झालं ते होणारच होतं.

लॅपटॉप खरं तर त्याच्या बायकोच्या नावावर आला होता. तेजस्विनी कन्याशाळेत गणित शिकवायची. शिक्षकांच्या पतपेढीने सभासदांसाठी एकगठ्ठा लॅपटॉप घेतले आणि त्यातले बहुतेक सगळे शिक्षक कॉलनीतच उतरले. सभासदाला दोन घेता येत होते. एक तिने घरी ठेवला आणि दुसरा थोरल्या दिरासाठी, म्हणजे दादासाठी घेतला.

डिस्क चार टेराबाइटची, असं खोक्यावर ठळक छापलेलं होतं. वापरायला मिळत होती जेमतेम निम्मी. उरलेली गेली कुठे म्हणून रणजीतने डिस्कची आखणी दाखवणारी खिडकी उघडली, आणि त्याला घेरी यायचीच बाकी राहिली. एका लांबलचक पट्टीचे पाच तुकडे पाडलेले. पहिला चिंचोळा, मशीन सुरू होण्यासाठीचा. त्याला हात लावायचा नाही एवढं त्याला कळत होतं. दुसरा वापरायचा. तिसरा कंपनीचा, बिघाड झालाच तर मशीन पुन्हा मूळपदावर आणण्यासाठी. चौथा एवढासा, तो कशाला ठेवला ते कंपनीलाच ठाऊक. आणि पाचवा चांगला दीड टेराबाइटचा. त्याच्यावर नुसतं ‘सामाईक’ लिहिलेलं. उघडायला गेलं तर उघडत नव्हता आणि आत काय आहे तेही सांगत नव्हता.

“हे बघ,” तो तेजस्विनीला म्हणाला. “आपल्याच घरात आपल्यालाच कुलूप. एवढ्या जागेत माझी दहा वर्षांची डिझाइनं बसतील.”

“कशाला तरी ठेवला असेल की तो कप्पा.”

“तेच तर. कशाला तरी म्हणून ठेवलेलं असतं, ते कधीच कुणाला लागत नाही. लोकांचे माळे मी उगाच बघत नाही.”

त्याने पाचव्या कप्प्यावर बोट ठेवून ‘काढून टाका’ म्हटलं. पडद्यावर एक सूचना आली: ‘सदर विभाग निष्कासित केल्यास सामाईक दायित्वाच्या परिपालनास बाधा पोहोचण्याची शक्यता नाकारता येत नाही. पुढे जावे काय?’

रणजीतने ती स्वतः दोनदा वाचली, मग मोठ्याने वाचून दाखवली. तेजस्विनी वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होती. ती म्हणाली, “माझा विषय गणित. ही भाषा कुठली ते तुम्हीच बघा.” असल्या मराठीतलं काही आजवर कुणी मनावर घेतलेलं नाही, रणजीतनेही घेतलं नाही. त्याने ‘होय’ दाबलं. तिसरा, चौथा आणि पाचवा कप्पा मधल्या भिंतींसकट गेला आणि एक सलग निळी पट्टी उभी राहिली. त्याला फार बरं वाटलं.

मग त्याने दादाचा लॅपटॉप घेतला. साफ करण्याच्या दोन तऱ्हा होत्या. ‘झटपट’मध्ये नुसती भिंत पडते, आतलं सामान कुणी दुसरं काही ठेवेपर्यंत तिथेच पडून राहतं. ‘पूर्ण’मध्ये मशीन या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्य लिहीत जातं, जुन्याचा मागमूस ठेवत नाही. स्वतःच्या लॅपटॉपला त्याने झटपट उरकलं होतं. पण हे दादाचं काम, तिथे वरवरची झाडलोट कशी चालेल? त्याने पूर्ण साफ करायला लावलं, त्यात सगळा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. दादाने “छान झालं” म्हटलं आणि लॅपटॉप पिशवीसकट कपाटात ठेवला. दादाला लॅपटॉपचं कौतुक बेताचंच होतं.

कॉलनीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. मगदूमांनी लॅपटॉपची जागा जवळजवळ दुप्पट करून दिली, असं बघता बघता सर्वतोमुखी झालं. सुट्टी लागायच्या आत जो तो लॅपटॉप काखोटीला मारून रणजीतच्या दारात. मुल्ला सर आले, सनदी मॅडम आल्या, कधी तोंडावरची माशी न हलणारे मुख्याध्यापकसुद्धा गोड हसत आले. रणजीत सगळ्यांचं झटपट उरकून द्यायचा. कुणी पपई आणून दिली, कुणी नुसताच मान दिला. वीस वर्षं मास्तरांच्या कॉलनीत राहून ‘तेजस्विनी मॅडमचे मिस्टर’ एवढीच ओळख असलेल्या माणसाला तो मान जरा चढलाही. मग शाळांना सुट्टी लागली आणि मास्तर मंडळी आपापल्या गावी पांगली.

*

विश्वजीत मगदूम, म्हणजे दादा, रणजीतपेक्षा नऊ वर्षांनी मोठा. रणजीतच्या हातात करवत पहिल्यांदा दिली ती त्यानेच. दादाची ख्याती होती ती आखणीची. प्लायवूडचा आठ फुटी ताव समोर ठेवला की तो कानामागची पेन्सिल काढायचा आणि पट्टी न लावता या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायचा. गिऱ्हाइकं नंतर पट्टी लावून बघायची आणि गप्प बसायची.

सहा वर्षांपूर्वी तो हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग शर्टाचं बटण लागेना, मग पेन्सिल कानामागेच राहायला लागली. कंपवात, डॉक्टरांनी सांगितलं. बेळगावच्या इस्पितळात दादाच्या मेंदूत केसाएवढ्या दोन तारा बसवल्या, छातीत कातडीखाली त्यांची बॅटरी घातली, आणि कमरेला काडेपेटीएवढी एक डबी आली.

करामत त्या डबीत होती. कंपवातात मेंदूचा एक भाग नको तो ठेका धरतो आणि हात त्या ठेक्यावर हलत राहतो. पूर्वीची यंत्रं सरसकट विजेचे बारीक झटके देऊन तो भाग दाबून टाकायची. थरथर थांबायची, पण हात लाकडासारखा व्हायचा. नवी डबी आधी ऐकायची. ठेका नेमका कधी उठतो, पेन्सिल उचलताना कसा असतो, कप धरताना कसा, हे ती दिवसेंदिवस शिकत जायची आणि लागेल तिथे लागेल तेवढाच झटका द्यायची. दर माणसाचा मेंदू वेगळा, म्हणून शिकलेली चालही ज्याची त्याची. दादाच्या डबीला त्याचा हात पुरता कळायला वर्ष लागलं, आणि पुढची तीन वर्षं ती त्यात भर घालत राहिली. दादा परत रेघ ओढायला लागला. पूर्वीइतकी सरळ नसेल, पण तो फरक फक्त त्याला आणि रणजीतला दिसायची.

जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आठ-दहा दिवस आधी, दादाची पँट डबीसकट वॉशिंग मशीनमध्ये गेली.

वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. दादाच त्यांची समजूत काढत होता. हात थरथरत नव्हता, कारण डबी बंद पडली की तारांना छातीतल्या बॅटरीवरून कंपनीची सरसकट चाल मिळते. पण हात लाकूड झाला होता. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून तो हळूहळू तोंडाशी नेत होता आणि शब्दही मागून ढकलल्यासारखे येत होते.

“नवी डबी परवा मिळंल,” दादा म्हणाला. “चाल काय, आपल्या संघात ठेवलीया. तेवढी तिच्यात घातली की झालं.”

संघ म्हणजे तालुका माहिती साठवण सहकारी संघ. दुष्काळाच्या लागोपाठ दोन उन्हाळ्यांनंतर, माणसांना प्यायला पाणी नसताना यंत्रं थंड ठेवायला ते ओतायचं नाही, असं सरकारने ठरवलं आणि माहितीची मोठमोठी कोठारं बंद पडली. मग लोकांची माहिती ठेवायची कुठे? लोकांच्याच घरी. प्रत्येक नव्या मशीनमध्ये थोडी जागा सगळ्यांसाठी राखून ठेवायची, आणि तिची व्यवस्था जागोजागच्या संस्थांनी बघायची. आपल्याकडे हे अंगवळणी पडायला अवघड नव्हतं. दुधाचा संघ चालवणाऱ्या तालुक्याने माहितीचा संघ काढला, चेअरमन निवडला, आणि सगळे विसरून गेले. आजाऱ्यांच्या माहितीवर आजाऱ्याचाच हक्क, असा कायदाही झाला होता. इस्पितळाने प्रत ठेवायची नाही. दादाने आपली चाल संघात ठेवली होती.

*

संघाच्या ऑफिसात शिवलीला हिरेमठ नावाची तरुण इंजिनियर बसायची. तिने दादाचा अंगठा घेतला, पडद्यावर काहीतरी शोधलं, पुन्हा शोधलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“तुकडे मिळेनात, काका,” ती दादाला म्हणाली. “वीसच दिसायला लागलेत. तीस तरी पाहिजेत.”

“वीस मिळालेत न्हवं? मग तेवढं तरी घाला,” रणजीत म्हणाला.

शिवलीलाने कागद ओढला आणि पेनने दोन ठिपके दिले. “हे बघा. सरळ रेघ ओढायला किती खुणा लागतात?”

“दोन,” दादा म्हणाला. हे त्याला विचारायची गरज नव्हती.

“दोन. आता त्याच रेघेवर मी दहा खुणा केल्या आणि दहा घरांत एकेक ठेवली. त्यातली आठ घरं जळाली तरी चालतंय. उरलेल्या कुठल्याही दोन आणल्या की अख्खी रेघ परत मिळते. पण एकच खूण मिळाली तर? एका ठिपक्यातनं पाहिजे तेवढ्या रेघा जातात. खरी कुठली ते कळतच नाही. अर्धी रेघ मिळाली असं होत नाही, काहीच मिळत नाही. तुमची चाल म्हणजे अशीच एक रेघ, फक्त लई वळणांची. तिला तीस खुणा लागतात. आम्ही नव्वद करून नव्वद मशीनमध्ये ठेवल्यात. साठ मशीन गेली तरी फिकीर नको, असा हिशोब होता.”

“मग सत्तर गेली कुठं?”

“तेच कळेना. सगळी एकाच लॉटमधली दिसतात. एप्रिलमध्ये पतपेढीची नवी मशीनं आली, मोठी आणि रिकामी. जुनी मशीनं मोडीत निघायला लागलेली, म्हणून आम्ही तुकडे तिकडं हलवले. खरं तर असं एका जागी ठेवायचंच नसतं. पार चंद्रपूर-नंदुरबारपर्यंत पसरायचे असतात. पण गेल्या साली वार्षिक सभेत ठराव झाला. आपल्या तालुक्याची माहिती आपल्या तालुक्यातच राहिली पाहिजे, परजिल्ह्यात एक तुकडा जाता कामा नये. आमच्या सरांनी उठून सांगायचा प्रयत्न केला, पण जेवणं खोळंबली होती.” तिने पडद्यावरची यादी खाली सरकवली. “ती मशीनं संघाला महिनाभर दिसली नाहीत. आम्हाला वाटलं, मास्तर लोक सुट्टीला गेलेत, लॅपटॉप बंद असतील. शाळा उघडली की दिसतील. म्हणून नवे तुकडेही पाडले नाहीत.”

‘सामाईक’ हा शब्द पडद्यावर जसा दिसला होता तसाच त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. दादा शेजारच्या खुर्चीत लाकडासारखे हात मांडीवर ठेवून बसला होता आणि शिवलीलाच्या कागदावरच्या रेघेकडे बघत होता. त्याच्यासमोर रणजीतला तोंड उघडवेना.

त्याने दादाला रिक्षात बसवून घरी धाडलं आणि एकटा परत आत आला.

“ती मशीनं बंद नाहीत,” तो म्हणाला. “मी कप्पे काढून टाकलेत. सगळ्यांचे.”

शिवलीलाने पेन खाली ठेवलं. “सगळ्यांचे म्हणजे?”

“सगळ्या कॉलनीचे. पपई घेऊन.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेली आणि स्वभावाने गरीब. तिने आधी डोकं धरलं आणि मग कामाचं बोलायला लागली. कप्पा झटपट काढला असेल तर तुकडा अजून खाली असू शकतो. पण या नव्या डिस्क चालू असताना फावल्या वेळात मोकळी झालेली जागा स्वतःच पुसत राहतात. म्हणजे जे लॅपटॉप त्या दिवसानंतर उघडलेच नाहीत, त्यांच्यातच आशा. ते उघडायच्या आत गाठायचे.

“दहा पाहिजेत,” ती म्हणाली. “आणि काका, शाळा सोमवारी उघडतीय.”

*

संध्याकाळी घरी आल्यावर रणजीतने तेजस्विनीला सगळं सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “मी गणिताची मास्तरीण. माझ्यासमोर ती सूचना वाचली तुम्ही, आणि मी मान वर केली नाही.” तिने फोन घेतला आणि गावी गेलेल्या एकेकाला लावायला सुरुवात केली. “लॅपटॉप उघडू नका. असेल तसा राहू द्या. नाही, चोरी नाही झालेली. आमच्या ह्यांनी घोळ घातलाय.”

पुढचे दिवस रणजीत आणि शिवलीला स्कूटरवरून तालुका पालथा घालत फिरले. कुणी नेसरीत, कुणी हलकर्णीत, कुणी थेट आजऱ्याच्या पुढे मामाच्या घरी. दर दारात रणजीतला तेच सांगावं लागायचं: तुमचा जो कप्पा मी काढला, तो रिकामा नव्हता. त्यात माझ्या भावाचा हात होता. पहिल्या दारात त्याने हे वाक्य दोनदा अर्धवट सोडलं. चौथ्या-पाचव्या दारापर्यंत ते नुसतं दुखायला लागलं.

लोक वाईट वागले नाहीत, तेच त्याला जड जात होतं. मुल्ला सरांनी त्या जागेत धाकटीच्या लग्नाचं सगळं चित्रण भरलं होतं. “पुसून टाका की,” ते म्हणाले. “खाली तुकडा असला तर घ्या. लग्न आमच्या डोक्यात हाय.” शिवलीलाने त्यांना समजावलं की वरचं पुसून खालचं परत येत नसतं. ते हिरमुसले. मुख्याध्यापकांनी मात्र लॅपटॉप सुट्टीभर उघडलाच नव्हता, ही गोष्ट कुणाला सांगू नका म्हणून त्यांनी रणजीतला बाजूला घेऊन विनवलं. त्यांचा तुकडा शाबूत मिळाला. सनदी मॅडमनी लॅपटॉप माहेरी आईच्या पलंगाखाली ठेवला होता, तोही मिळाला. बहुतेकांचे गेले होते. रणजीतच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तर दहा वर्षांची डिझाइनं बसली होती. पोरांनी सिनेमे भरले होते, नाहीतर मशीन नुसतं चार्जिंगला लावून चालू ठेवलं होतं, आणि डिस्कने फावल्या वेळात आपलं काम चोख केलं होतं.

रविवारी दुपारपर्यंत नऊ मिळाले. वीस आणि नऊ, एकोणतीस. यादीतलं शेवटचं मशीन शिवलीलाने पडद्यावर दाखवलं आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच उजळला.

“काका, हे तर तुमच्या घरातलंच. वापरणारे म्हणून विश्वजीतकाकांचं नाव आहे. त्यांनी वापरलंय?”

“न्हाई,” रणजीत म्हणाला. “त्यानं हातसुद्धा लावलेला नाही. पिशवीसकट कपाटात हाय.”

“मग झालं की. तिसावा घरातच.”

शिवलीला स्कूटर वळवायला लागली. रणजीत जागचा हलला नाही. त्याला तो दिवस आठवत होता, मशीन टेबलावर ठेवून मधूनमधून येऊन बघितलेला, किती शून्यं लिहून झाली आणि किती राहिली. कॉलनीतल्या साऱ्या लॅपटॉपमध्ये एकच त्याने मन लावून साफ केला होता. परक्यांचं वरवर उरकलं, त्यांचे तुकडे मिळाले, आणि दादावर माया केली तिथे काही उरलं नव्हतं. रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून तो रडला. शिवलीलाला काय करावं सुचेना. ती पाण्याची बाटली पुढे धरून उभी राहिली.

तरी त्यांनी तो लॅपटॉप तपासला. या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यं होती.

“एकोणतीसवर काहीच नाही होत का?” रणजीतने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

“अनंत चाली बसतात त्यात,” ती म्हणाली. “त्यातली काकांची कुठली, ते कुणाला सांगता येणार नाही.”

*

दादाला सांगायला रणजीत एकटाच गेला. दादा परसात खुर्ची टाकून बसला होता. रणजीत समोरच्या दगडावर टेकला आणि त्याने सुरुवातीपासून सांगितलं. निळ्या पट्टीचंही सांगितलं, मास्तरांनी दिलेल्या मानाचंही, आणि शेवटी शून्यांचं.

दादा ऐकत राहिला. सरसकट चालीत चेहराही लाकूड होतो, त्यावरून काही कळायची सोय नव्हती.

“त्या सभेत,” तो एकेक शब्द ढकलत म्हणाला, “तालुक्याची माहिती तालुक्यातच ऱ्हावी, असा ठराव झाला न्हवं?”

“व्हय.”

“अनुमोदन माझं होतं.”

रणजीतने मान वर केली.

“हात वर केलता मी. ह्योच.” दादाने उजवा हात मांडीवरून जरासा उचलला. “लई बरं वाटलं होतं तवा. आपलं आपल्यात. त्यो सर काय सांगत हुता त्याच्याकडं ध्यानच दिलं न्हाई. मटण गार व्हायलं होतं.” त्याच्या घशातून एक आवाज आला. तो हसत होता, हे रणजीतला उशिरा कळलं. “तू एकट्यानं एवढं मोठं नुकसान करशील, असा काय तू शाणा न्हाईस.”

बेळगावच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. पहिली, कंपनीची सरसकट चाल कायमची ठेवायची. थरथर नाही, जेवण आपल्या हाताने, शर्ट-बटण वहिनी लावतील. दुसरी, नव्या डबीला कोऱ्या पाटीवर शिकू द्यायचं. पण ती शिकणार कशावरून? थरथरीवरूनच. सरसकट चाल बंद करून हात मोकळा सोडायचा, त्याला त्याची सवयीची कामं करू द्यायची, आणि तो जिथे चुकेल ते डबीने ऐकायचं. वर्षभर, कदाचित जास्तच. आणि वय वाढलंय, तेव्हा शेवटी पूर्वीइतकं जमेलच असं नाही.

“पहिलीच घे, दादा,” रणजीत म्हणाला. “कशाला जिवाला त्रास? दुकान मी बघतोय. आखणी मशीनवर करू.”

“तुला बघवायचं न्हाई म्हणून म्हणतोयस.”

ते खरं होतं. सहा वर्षांपूर्वीची ती वाजणारी बशी त्याला परत ऐकायची नव्हती, आणि आता तर तिचा आवाज त्याच्याच नावाने येणार होता.

“कुणाला बघवायचं न्हाई म्हणून मी लाकूड हून बसू व्हय?” दादा म्हणाला. त्यात राग नव्हता. “सकाळी मला दुकानात घिऊन जायाचं. रोज. आन् तू समोर थांबायचंस.”

*

शाळा उघडल्या. संघाने तातडीची सभा बोलावली आणि तुकडे राज्यभर पसरायचा ठराव केला. या वेळी शिवलीलाचे साहेब जेवणाआधी बोलले. सूचनेचं वाक्यही बदललं. आता तिथे लिहिलेलं असतं, ‘या कप्प्यात दुसऱ्यांच्या वस्तू आहेत, काढू नका.’ ते वाक्य तेजस्विनीने लिहून दिलं.

आणि रोज सकाळी ‘मगदूम बंधूं’मध्ये सरसकट चाल बंद व्हायची आणि दादाचा हात सुटायचा. पहिल्या आठवड्यात पेन्सिल हातात राहीना. रणजीत वाकून ती उचलायचा, परत द्यायचा. दादा एका हाताने दुसरं मनगट धरायला गेला की शिवलीलाने सांगितलेल्याची रणजीत आठवण करून द्यायचा: धरायचं नाही, डबीला ऐकू दे. गिऱ्हाईक आलं तर ते दारातच घोटाळायचं. पावसाळा सरला, गणपती येऊन गेले. पेन्सिल हातात राहायला लागली, एवढंच म्हणण्यासारखं.

दसऱ्याच्या पुढे एका सकाळी दादाने रणजीतला ताव आडवा टाकायला सांगितलं. मुल्ला सरांच्या थोरलीकडचं पुस्तकांचं कपाट होतं. दादा तावाच्या कडेशी उभा राहिला. रणजीतने पट्टी पुढे केली.

“ती नको. डबी पट्टी शिकंल, मला काय मिळणार?”

त्याने पेन्सिल टेकवली. हात थरथरत होता, त्याचा खांदाही थरथरत होता, आणि तो एकेक पाऊल बाजूला सरकत रेघ ओढत गेला. ओढायला किती वेळ लागला ते रणजीतला कळलं नाही, कारण त्याने स्वतः श्वास रोखून धरला होता. दुसऱ्या कडेला पोचून दादा थांबला. घामाने त्याची बनियन पाठीला चिकटली होती. तावावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ होती. कुठे वर चढलेली, कुठे खाली घसरलेली, मध्ये एका जागी पार बोटभर बाजूला गेलेली.

पण ती कुठेच तुटली नव्हती.

रणजीतने विजेची करवत बाजूला ठेवली. ती सरळच जाते, तिला असली वळणं घेता येत नाहीत. त्याने भिंतीवरची हातकरवत काढली, गुडघा तावावर टेकवला आणि रेघेवरून कापायला लागला. चढ आला तिथे चढला, घसरण आली तिथे उतरला.

“आरं,” दादा म्हणाला. “वाकडी हाय ती. तू सरळ काप की.”

“आखणाऱ्यानं आखलंय तसं कापायचं,” रणजीत म्हणाला, मान वर न करता. “तूच शिकवलंयस.”

दादा तावाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि ताव हलू नये म्हणून त्याने आपला थरथरणारा हात त्यावर दाबून धरला. रणजीत कापत राहिला.